नोत्र-दामचें शिखर : एक प्रक्षेप

युबिसॉफ्ट कंपनीच्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ (२०१४) या व्हिडिओ गेममध्यें फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळचें पॅरिस त्रिमिति रूपांत उभें केलें आहे. अशा कामांत प्रथम बहुकोनी पृष्ठांची जाळी विणून आकार साधावयाचा, मग तीवर पाषाणाचा पोत व झीज चढवावयाची. एकट्या नोत्र-दाम प्रार्थनामंदिरावर कॅरोलिन मिउस या कलावतीनें सुमारें दोन वर्षें खर्चिलीं. हा व्यासंग स्तुत्य होय.

तथापि शिखराविषयीं आमचा आक्षेप आहे. जुनें शिखर १७८६ ते १७९२ च्या दरम्यान उतरविलें गेलें. खेळांत दिसतें तें व्हियोले-ल-द्यूक याचें, १८५९ सालीं पुरें झालेलें. वाचकास ओळखीचा वाटावा म्हणून नकलकारानें पोथींत मागाहूनचा श्लोक घालावा, तसाच हा प्रकार.

१५ एप्रिल २०१९ च्या आगींत तें शिखर कोसळलें, तेव्हां या खेळावरून जीर्णोद्धार होईल अशी वदंता उठली. वस्तुतः उपयोगी पडलीं तीं अँड्र्यू टॅलन यांनीं लेसर किरणांनीं आधींच घेतलेलीं मोजमापें. प्रतिकृति कितीहि रम्य असो, ती मूळ प्रत नव्हे. कर्त्यांनीं प्रक्षेप जरूर करावा. पण ‘हा उत्तरकालीन’ एवढी टीप तरी जोडावी, इतकेंच आमचें मागणें आहे.