घेतलेले जग आणि घडविलेले जग

कुंभकोणमहून मायिलाडुतुरैच्या बाजूस जाताना गोविंदपुरम् हे लहानसे गाव लागते. नामसिद्धान्ताचे थोर पुरस्कर्ते बोधेंद्र सरस्वती यांची समाधी येथे आहे. परंपरा तिचे वर्ष १६९२ असे सांगते. याच गावात २०११ मध्ये विठ्ठल-रखुमाईचे भव्य मंदिर उभे राहिले. गोपुरांच्या या प्रदेशात त्याचे शिखर मात्र महाराष्ट्रातील देवळांच्या धाटणीचे आहे. भजनात अभंग म्हटले जातात ते मराठी, आणि म्हणणाऱ्यांची घरची भाषा बहुधा तमिळ. येथे चंद्रभागेचे वाळवंट नाही. जवळ आहे ती कावेरी. तरीही येणाऱ्या भाविकाला काही उणे भासत नाही. तेव्हा ही पंढरी घेतलेली म्हणावी की घडविलेली?

नेमका हाच प्रश्न एका अगदी निराळ्या क्षेत्रात गेली पन्नास वर्षे विचारला जात आहे. मेजाभोवती बसून खेळावयाच्या अद्भुतरम्य भूमिका-खेळांचे ते क्षेत्र होय. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला आणि या प्रकाराला रूप आले. प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो. एकजण सूत्रधार होऊन भोवतालचे जग सांगतो. पात्रांनी काय करावे हे खेळाडू ठरवितात, आणि जेथे फलाविषयी संशय असेल तेथे फासे निर्णय देतात. संहिता अशी नसतेच. मग प्रश्न उरतो तो जगाचा. सूत्रधाराने छापील, तयार जग विकत घ्यावे की स्वतः रचावे? वरवर पाहता हा सोयीचा प्रश्न आहे. वस्तुतः तो वाङ्मयीन प्रश्न आहे, कारण कल्पित जगाला प्रामाण्य कोठून येते, हेच त्यात विचारले जात असते.

नेहमीचा युक्तिवाद असा की, छापील जगाने श्रम वाचतात आणि स्वनिर्मित जगाने स्वातंत्र्य मिळते. हा भेद इतिहासाला फारसा मानवत नाही. आज छापील म्हणून ओळखली जाणारी जगे मुळात घरगुतीच होती. ‘ग्रेहॉक’ हे गायगॅक्सच्या आपल्या खेळासाठी रचलेले जग. १९८० मध्ये ते नकाशे आणि एक पातळ पुस्तिका या रूपाने बाजारात आले. एड ग्रीनवुड यांनी लहानपणापासून मनात वाढविलेले ‘फरगॉटन रेल्म्स’ १९८७ मध्ये छापले गेले. तेव्हा एकाचे घर ते दुसऱ्याचे पुस्तक, इतकाच हा फरक आहे. खरा भेद अधिकाराचा आहे. खेळाडूने ‘या दारापलीकडे काय आहे?’ असे विचारले की उत्तर देण्याचा अधिकार कोणाचा? छापील जगात तो ग्रंथाकडे जातो, आणि ज्याचे वाचन अधिक तो सूत्रधारालाही चुकीचा ठरवू शकतो. स्वनिर्मित जगात तो एकट्या सूत्रधाराकडे राहतो. इतर सारे त्याच्या घरचे पाहुणे. दोन्हीकडे मेजाभोवतीच्या मंडळींचा हक्क उणावतो.

या पेचाचा विचार करण्यास गोविंदपुरम्‌च्या परिसरातील मराठी रंगभूमीचा इतिहास उपयोगी पडतो. व्यंकोजीनंतर १६८४ ते १७१२ या काळात तंजावरच्या गादीवर असलेल्या शहाजीराजाने मराठीत नाटके रचली. त्यांतील ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे विष्णुदास भाव्यांच्या १८४३ मधील ‘सीता स्वयंवरा’च्या कितीतरी आधीचे आहे. ही नाटके पुराणाच्या तयार जगावर उभी आहेत. ते जग प्रेक्षकाला मुखोद्गत असल्याने परिचयाचे श्रम वाचतात. शेवटी विवाह होणार हेही सर्वांना ठाऊक असते. नाटकात हा दोष नव्हे. तेथे रस निष्पन्न व्हावयाचा असतो, निर्णय नव्हे. खेळात मात्र निर्णय हाच प्राण आहे. १९८४ मध्ये ‘ड्रॅगनलान्स’ची खेळपुस्तके आणि कादंबऱ्या जोडीने निघू लागल्या, तेव्हा नेमका हा घोटाळा झाला. ज्या कथेचे नायक आणि त्यांचे भवितव्य कादंबरीत बांधले गेले, ती कथा खेळणाऱ्याला फक्त वठवावी लागते. पुराण खेळाला जमीन देऊ शकते; शेवटही तेच देऊ लागले की खेळाडूचे नाटकी पात्र होते.

याच भूमीत रुळलेल्या कुरवंजी या प्रकारातून मात्र दुसरी वाट दिसते. याचा सांगाडा ठरलेला असतो. नायिकेला विरह होतो. डोंगरांतून भटकत आलेली कुरत्ती आपल्या प्रदेशाचे वर्णन करते आणि हात पाहून भविष्य सांगते. पण तो डोंगर कोणता, नदी कोणती, नायक देव की राजा, या जागा कवीने भरावयाच्या असतात. दुसऱ्या सरफोजीला (१७९८–१८३२) नायक करून तमिळमध्ये ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ लिहिली गेली ती अशीच. आणि सरफोजीच्या मराठी ‘देवेंद्र कोरवंजी’त तर ही भटकी स्त्री जगाचा भूगोल गाऊन सांगते. श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या राजाला पृथ्वीचे नवे ज्ञान जुन्या सांगाड्यात घालावेसे वाटले, आणि ते घालता आले. कारण प्रदेश सांगण्याची जागा त्या प्रकारात आधीपासूनच राखलेली होती.

कल्पित जगाच्या परीक्षेची कसोटी येथे सापडते. जग घेतलेले की घडविलेले हे पाहू नये. त्यात रिकाम्या जागा आहेत काय, आणि त्या कोठे आहेत हे भरणाऱ्याला कळते काय, हे पाहावे. १९८० चे ‘ग्रेहॉक’ या कसोटीस उतरते. त्यातील अनेक राज्यांना काही ओळीच लाभल्या आहेत. उरलेले मेजावर घडावे. याउलट, अनेक हातांनी वर्षानुवर्षे भरत गेलेले जग संपन्न होते, पण नवख्याला त्यात पाऊल ठेवण्यास जागा राहत नाही. भाषापंडित एम. ए. आर. बार्कर यांचे ‘टेकुमेल’ (१९७५) हे अतिशय दाट विणीचे जग. त्याला स्वतंत्र भाषा आणि देवमंडळे आहेत. तरी त्याच्या पहिल्या खेळपुस्तकाने एक शहाणपणाची योजना केली. खेळाडूंची पात्रे परदेशी म्हणून होडीने जकाल्ला बंदरात उतरतात. खेळाडूचे अज्ञान हेच पात्राचे अज्ञान ठरते. कुरत्ती परकी असून सारे जाणते, हे परके काहीच जाणत नाहीत. दोन्हीकडे परक्याच्या तोंडून वा डोळ्यांतून जग उलगडते.

यावर असा आक्षेप संभवतो की, घेतलेल्या जगात कितीही जागा सोडल्या तरी पाया परकाच राहतो. मराठी खेळाडूने एल्फ आणि ड्रॅगन यांची उसनवारी का करावी? आक्षेपात तथ्य आहे. पण केवळ नावे बदलून, ड्रॅगनच्या जागी वेताळ बसवून स्वनिर्मिती साधत नाही. ते शब्दाला शब्द ठेवणाऱ्या भाषांतरासारखे होते. अक्षरे मराठी, अन्वय परका. स्वतंत्र जगालाही सर्वांना ठाऊक असलेल्या एखाद्या जमिनीची गरज असते: गावाची वेस, वेशीवरचा देव, पावसाची वाट पाहणे, वतनाचा तंटा. ही जमीन सूत्रधाराच्या एकट्याच्या मालकीची नसते. तिच्याबद्दल मेजाभोवतीचा प्रत्येकजण साक्ष देऊ शकतो, आणि तेथेच त्याचा हक्क परत मिळतो.

म्हणून नवशिक्या मंडळींनी आटोपशीर छापील जग घेऊन त्याच्या एका रिकाम्या कोपऱ्यात आपले गाव वसवावे, हा मार्ग कमीपणाचा नव्हे. कावेरीच्या खोऱ्यातील भजनपरंपरेत दिव्यनामाच्या वेळी गाणारे समईभोवती फेर धरतात आणि स्वतःला गोपी मानतात. वृंदावन त्यांनी रचलेले नाही, अभंग त्यांच्या भाषेतले नाहीत. पण फेर त्यांचा आहे, आणि तो धरल्यावाचून ते वृंदावन तेथे उभे राहत नाही. गोविंदपुरम्‌ची पंढरी घेतलेली की घडविलेली, या प्रश्नाचे उत्तर त्या फेरात आहे.