‘कट्यार काळजात घुसली’ : पुनरुज्जीवित प्रयोगाचा नटसंच आणि संगीत नाटकाचे गद्य

मनमाड-भुसावळ लोहमार्गावरील नांदगाव हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव भाषाभ्यासकाच्या दृष्टीने एक सीमास्थान आहे. पूर्वेस चाळीसगावापासून खानदेश आणि त्याची अहिराणी. उत्तरेस उर्दूभाषकांची मोठी वस्ती असलेले मालेगाव. आणि शाळा, कचेरी व वर्तमानपत्र यांच्याद्वारे येणारी प्रमाण मराठी. अशा ठिकाणच्या श्रोत्याला ‘डोळा’चे ‘डोया’ हे अहिराणी रूप अपरिचित नसते. त्याचप्रमाणे ‘ळ’च्या जागी ‘ल’ उच्चारणारी उर्दूभाषकाची मराठीही त्याच्या रोजच्या व्यवहारातली असते. या श्रोत्यापुढे एखादे संगीत नाटक आले तर पदांना तो दाद देईलच. परंतु पात्राच्या तोंडचे गद्य जिवंत आहे की घोकलेले आहे, याचा निवाडाही त्याचा कान तत्काळ करील. पुनरुज्जीवित संगीत नाटकांची चर्चा बहुधा पदांपाशी सुरू होते आणि पदांपाशीच संपते. ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाच्या दोन नटसंचांचा विचार येथे या दुसऱ्या, उपेक्षित कसोटीवर करावयाचा आहे.

पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी लिहिलेल्या व दिग्दर्शित केलेल्या या नाटकाचा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ रोजी प्रभाकर पणशीकर यांच्या ‘नाट्यसंपदा’ या संस्थेने केला. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे होते. नाशिकनिवासी वसंत कानेटकर यांच्या ‘मत्स्यगंधा’ने १९६४ साली अभिषेकींना रंगभूमीचे संगीतकार म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली होती, ‘कट्यार’ने ती दृढ केली. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन या दोन गायकांचे, पर्यायाने दोन घराण्यांचे वैर हा नाटकाचा विषय होय. एकच पद दोन निरनिराळ्या चालींत योजून अभिषेकींनी हे वैर कानाला प्रत्यक्ष ऐकविले. खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांनी, पंडितजींची भार्गवराम आचरेकर यांनी, सदाशिवाची प्रसाद सावकार यांनी आणि झरीनाची फैय्याज यांनी केली.

या मूळ संचातील नटांच्या वाटा एकमेकींहून भिन्न होत्या. आचरेकर हे नाटक मंडळ्यांच्या परंपरेत वाढलेले गायक-नट. बोलणे आणि गाणे ही त्यांच्यालेखी एकाच विद्येची दोन अंगे होती. सावकार यांनी ‘पंडितराज जगन्नाथ’सारख्या नाटकातून रंगमंचावरील गायनात आधीच नाव मिळविले होते. सोलापूरच्या फैय्याज यांची कारकीर्द गद्य आणि संगीत अशा दोन्ही रंगभूमींवर फुलली. २०१५ साली बेळगाव येथे भरलेल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. वसंतरावांची वाट मात्र सर्वांत वाकडी. १९२० साली मूर्तिजापूर येथे जन्मलेल्या या कलावंताने १९३५ च्या ‘कालियामर्दन’ या चित्रपटात बालकृष्ण साकारला. पुढे अनेक गुरूंकडून अनेक गायकी आत्मसात केल्या. दीनानाथ मंगेशकरांच्या गायनाचा ध्यास घेतला. आणि तरीही आयुष्याची उमेदीची वर्षे लष्करी हिशेब खात्यातील नोकरीत काढली. खाँसाहेब त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी वयाची ४७ वर्षे पूर्ण केली होती. योग्यता असूनही मान न मिळालेल्या गायकाची आग हा या भूमिकेचा गाभा आहे. ती वसंतरावांना बाहेरून आणावी लागली नाही.

खाँसाहेबांच्या भूमिकेची भाषिक घडण येथे विचारात घेतली पाहिजे. हे पात्र मराठी नाटकात बोलते, पण त्याचा श्वास उर्दूचा आहे. त्याचे वाक्य मराठीत सुरू होऊन उर्दूकडे वळते आणि रागाच्या भरात वा आर्त क्षणी उर्दूतून थेट स्वरात जाते. मराठी व उर्दू यांचा सहवास महाराष्ट्रात जुना आहे. दखनीने मराठीतून ‘नको’ हा निषेध आणि ‘च’ हे अवधारणार्थी अव्यय घेतले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. नाटकाच्या नावातील ‘काळीज’ आणि हिंदी-उर्दूतील ‘कलेजा’ हे दोन शब्द एकाच मुळाचे. एकीकडे मूर्धन्य ‘ळ’, दुसरीकडे दंत्य ‘ल’, अर्थ एकच. दोन चालींत गायिलेल्या एका पदाचे हे भाषिक प्रतिरूपच म्हणावे लागेल. तेव्हा खाँसाहेबांच्या गद्यातील उच्चार ही वेषभूषेसारखी वरवरची सजावट नव्हे. दोन घराणी एकाच स्वराची दोन रूपे आहेत हा नाटकाचा निष्कर्ष पात्राच्या जिभेवर पहिल्या प्रवेशापासूनच वावरत असतो. हे गद्य सपाट झाले की निष्कर्ष केवळ उपदेशापुरता उरतो.

आता अडचण अशी की, पदे आणि गद्य यांचे जतन सारख्या प्रमाणात झालेले नाही. पदांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या व त्या घरोघरी ऐकल्या गेल्या. नभोवाणीने त्यांची उजळणी केली. मैफलींतून त्यांना नवे श्रोते मिळाले. गद्य मात्र मुख्यतः छापील संहितेत आणि ज्यांनी प्रयोग पाहिला त्यांच्या स्मरणात राहिले. संहितेत शब्द असतात; स्वराघात, विराम, वाक्याच्या शेवटी चढणारा वा उतरणारा सूर हे काही नसते. गद्यातून पदात शिरताना नट शेवटच्या शब्दाचा स्वर किती लांबवितो आणि तंबोऱ्याच्या षड्जाशी त्याला कसा जुळवून आणतो, ही संगीत नाटकातील सर्वांत नाजूक जागा असते. तिची नोंद ठेवण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

२०१० साली सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा नव्या संचापुढे हाच विषम वारसा होता. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि सदाशिवाच्या भूमिकेत महेश काळे उभे राहिले. राहुल यांचा जन्म १९७९ चा. १९८३ साली आजोबा निवर्तले तेव्हा त्यांना चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती. म्हणजे रक्ताचे नाते असले तरी भूमिकेचा वारसा त्यांना प्रत्यक्ष सहवासातून नव्हे, तर ध्वनिमुद्रणांतून आणि इतर गुरूंच्या तालमीतून मिळाला. महेश काळे यांची गोष्ट याच्या उलट. ते अभिषेकींचे गुरुकुलात राहून शिकलेले शिष्य. चालींचा वारसा त्यांना थेट कर्त्याकडून मिळाला. पुढे त्यांनी अमेरिकेत वास्तव्य केले व तेथेही या गायकीचा प्रसार केला. दोघेही मूलतः मैफलीचे गायक होत. रंगभूमी ही त्यांची पहिली पाठशाळा नव्हती. मूळ संचातील आचरेकर-सावकार यांच्याशी त्यांची तुलना करताना हा फरक विसरणे अन्यायाचे होईल.

वयाचा प्रश्नही गौण नाही. वसंतराव सत्तेचाळिशीत जी उपेक्षा जगून आले होते, ती तिशीतल्या गायकाला अभिनयाने निर्माण करावी लागते. गळा तिशीत तयार असू शकतो. पराभवाचा अनुभव बहुधा नसतो. म्हणूनच नव्या खाँसाहेबांच्या यशाचे मोजमाप आजोबांच्या ताना किती हुबेहूब आल्या यावर करणे ही समीक्षेची चूक आहे. त्यापेक्षा पदापूर्वीचे वाक्य त्या पदाला जन्म देते की नाही, हे पाहिले पाहिजे. टाळ्या तानेला पडतात हे खरे. परंतु तान कोणत्या दुखण्यातून उसळली हे गद्यानेच सांगितलेले असते.

यावर असा आक्षेप संभवतो की, संगीत नाटकाचा रसिक मुळात गाण्यासाठीच येतो; गद्य हा दोन पदांमधील पूल. हा आक्षेप जुना आहे, आणि एकामागून एक पदे गाऊन कथानक ताटकळत ठेवण्याची सवय त्यानेच रंगभूमीला लावली. ‘कट्यार’च्या बाबतीत तर तो विशेष अपुरा ठरतो. या नाटकातील सदाशिव खाँसाहेबांची विद्या उघडपणे मिळत नाही म्हणून ती लपूनछपून कानांनी टिपतो. केवळ टिपलेली विद्या पुरी पडते काय, की गुरूच्या मुखातून ती यावी लागते, हा नाटकाने उभा केलेला प्रश्न आहे. ध्वनिमुद्रणावरून भूमिका शिकणारा प्रत्येक नवा नट नकळत सदाशिवाच्याच जागी उभा असतो.

२०१५ आणि २०२२ ही पुढची दोन वर्षे या दृष्टीने उद्बोधक आहेत. २०१५ साली भावे यांनीच या नाटकावरून चित्रपट केला. त्यात खाँसाहेबांचा अभिनय सचिन पिळगांवकरांचा आणि गळा राहुल देशपांडे यांचा; सदाशिव स्वतः भावे यांचा आणि गळा महेश काळे यांचा. शंकर महादेवन यांनी पंडितजी साकारताना तेवढे स्वतः गाइले. काळे यांना या चित्रपटातील गायनाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नाटकात जो गायक-नट एकसंध होता तो पडद्यावर दोन माणसांत विभागला गेला. चित्रपटाच्या तंत्राला हे मानवते. पण त्यामुळे बोलणे व गाणे यांतील सांधा कोणाच्याच जबाबदारीचा राहत नाही. २०२२ साली प्रदर्शित झालेल्या ‘मी वसंतराव’मध्ये राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिका स्वतः केली, स्वतः गाइली, आणि पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. दुभंगलेला गायक-नट येथे पुन्हा एक झाला. यात रंगभूमीवरील खाँसाहेबांच्या अनुभवाचा वाटा असला पाहिजे, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

या सर्वांचे तात्पर्य नटांच्या गुणदोषांपुरते नाही. पुनरुज्जीवन म्हणजे गेलेल्या आवाजांचे अनुकरण नव्हे, आणि पदांची वेषधारी मैफलही नव्हे. वारसा पूर्ण व्हावयाचा तर पदांइतकीच गद्याचीही तालीम परंपरेने दिली पाहिजे. मूळ प्रयोग पाहिलेली पिढी वेगाने ओसरत आहे. त्यांच्या स्मरणातील वाक्यांची लय, ठेहराव आणि उच्चार यांची ध्वनिमुद्रणासह पद्धतशीर नोंद करणे हे मराठी व भाषाशास्त्र या दोन्ही विषयांच्या विभागांचे काम आहे. ते लांबणीवर टाकले तर पुढच्या संचाला पदे जशीच्या तशी मिळतील, खाँसाहेब मात्र मिळणार नाहीत. आणि नांदगावच्या बाजारात तीन बोली ऐकत वाढलेला श्रोता ही उणीव सर्वांच्या आधी ओळखील.