भयाची पुनरुक्ती व चित्रपटाची पुनर्निर्मिती

नाशिक जिल्ह्याच्या वायव्येस, डांगच्या सीमेला लागून सुरगाणा तालुका आहे. १९४८ मध्ये विलीन झालेल्या एका लहानशा संस्थानाचे हे ठिकाण. या बाजूस, तसेच पेठ, जव्हार, मोखाडा या टापूत बोहाडा नावाचा मुखवटेनाच प्रचलित आहे. संबळाच्या तालावर व मशालींच्या उजेडात देवदानवांची सोंगे एकामागून एक येतात. प्रथम गणपती व शारदा यांची सौम्य सोंगे होतात. मग रात्र चढत जाते तसे रावण, त्राटिका, नरसिंह यांचे उग्र मुखवटे पुढे सरसावतात, आणि आईच्या कुशीत पेंगुळलेली मुले दचकून जागी होतात.

चित्रपट पाहताना बालमनाला वाटणारे भय आणि एकदा झालेला चित्रपट पुन्हा काढण्याची निर्मात्यांची हौस, हे दोन प्रश्न सहसा वेगवेगळे चर्चिले जातात. बोहाड्याकडे पाहिले असता ते परस्परांशी निगडित असल्याचे ध्यानात येते. बोहाड्यात तोच रावण दरवर्षी येतो, तरीही त्याला कोणी अनावश्यक पुनरावृत्ती म्हणत नाही. सोंग ठरल्या काळी येते, ओळखीच्या माणसांत येते, आणि नाच संपल्यावर मुखवटा उतरून आतला घामाघूम झालेला शेजारी दिसतो. भय उत्पन्न करणे व त्याचे निरसन करणे या दोन्ही क्रिया एकाच रात्री, एकाच अंगणात पुऱ्या होतात. पडद्यावरील राक्षसाचा मुखवटा उतरविणारे मात्र कोणी नसते. मूल ते भय घरी घेऊन जाते.

ही अडचण दादासाहेब फाळके यांना उमगली होती असे मानण्यास जागा आहे. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ या नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीच्या चित्रपटात कृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. कथेला हात घालण्यापूर्वी फाळके तिला साध्या वेषात प्रेक्षकांसमोर उभी करतात, तिच्या चेहऱ्यावरील निरनिराळे भाव दाखवितात, आणि मगच ती कृष्णरूपात दिसू लागते. म्हणजे बोहाड्यात शेवटी होणारी गोष्ट येथे आरंभीच उरकली आहे. एवढी ओळख झाल्यावर सर्पाशी झुंजणाऱ्या बालकाविषयी वाटणारी धास्ती सोसण्याजोगी होते. पुढच्या काळातील बोलक्या व रंगीत पौराणिक चित्रपटांत हा शहाणपणा क्वचितच आढळतो.

त्यांच्याच ‘राजा हरिश्चंद्र’ची कथा मुलांच्या दृष्टीने याहूनही दारुण आहे. तीत मुलगा मरतो आणि बाप आईवर शस्त्र उगारतो. १९१३ च्या या चित्रपटात रोहिदासाचे काम फाळक्यांच्याच मुलाने, भालचंद्राने केले व तारामती अण्णा साळुंके या पुरुष नटाने रंगविली. १९१७ मध्ये फाळक्यांनी हीच कथा पुन्हा चित्रित केली. मूळ प्रत नष्ट झाल्यामुळे तसे करावे लागले असे सांगितले जाते. आज उरलेली रिळे कोणत्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, ही गोष्टच त्या पुनर्निर्मितीची आवश्यकता सिद्ध करते. तिने मूळ कृतीला बाजूस सारले नाही, तिची जागा राखली. १९३२ मध्ये प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ काढला तेव्हा तारामतीला दुर्गा खोटे यांच्या रूपाने स्त्रीचा देह आणि वाणी दोन्ही लाभली. नुसती वाणी लाभली असती तर यंत्राची प्रगती एवढेच म्हणता आले असते.

याउलट उदाहरण ‘सैरंध्री’चे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७ चे. कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये हीच कथा पडद्यावर आणली. त्यातील कीचकाचा वध इतका हुबेहूब वठला होता की प्रेक्षागृहात घबराट उडाली, आणि पुढे परिनिरीक्षकांनी तो भाग कापविला. हे भय केवळ रक्तमांसाचे नव्हते. ज्याला रंगभूमीवर मारण्याची मनाई झाली होती तो मूक पडद्यावर मारला जात होता. भयात सूडाचे समाधान मिसळलेले होते, आणि म्हणूनच ते मोठ्या माणसांनाही हादरवून गेले.

१९३३ मध्ये पेंटरांच्याच तालमीत वाढलेल्या व्ही. शांताराम यांनी प्रभाततर्फे ‘सैरंध्री’ पुन्हा काढला. या वेळी आकर्षण होते रंगाचे. प्रतींवरील रंगकाम जर्मनीत करविण्यात आले. रंग मनाजोगे उतरले नाहीत आणि चित्रपट फसला. अपयशाचा सारा दोष रसायनांवर टाकण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली तरी पुरेशी नाही. रंग उत्तम उठले असते तरी १९३३ च्या प्रेक्षकाला त्या कीचकात कोण दिसावे, याचा विचार झाल्याचे दिसत नाही. शांतारामांसारख्या जाणत्या दिग्दर्शकाकडून हे व्हावे, याचे नवल वाटते.

पेंटरांनी स्वतःही हा मोह टाळला नाही. शेतकऱ्याच्या कर्जाची व देशोधडीची कथा सांगणारा ‘सावकारी पाश’ हा त्यांचा १९२५ चा मूकपट. पाहणाऱ्यांच्या आठवणींत त्यातील एक चित्र टिकून राहिले: अंधुक उजेडातील उदास झोपडी आणि कुत्र्याचे रडणे. मूकपटात हे रडणे कोणाच्या कानी पडले असेल? ते प्रेक्षकाने आपल्या मनात ऐकले. १९३६ मध्ये त्यांनी याच कथेचा बोलपट केला. कुत्र्याचे रडणे ऐकविण्याची सोय एव्हाना झाली होती. मूकपट आज पाहावयास मिळत नाही. तरीही ‘सावकारी पाश’ म्हटले की जाणकार १९२५ च्या त्या झोपडीविषयीच बोलतात.