हौशी छायाचित्रकारांचा स्नेह आणि चित्राची परीक्षा

छायाचित्रणाविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा यंत्राच्या सुधारणांविषयी असते, नाही तर एखाद्या नामांकित छायाचित्रकाराच्या चरित्राविषयी. या कलेची नुसती हौस असणाऱ्या माणसांनी परस्परांशी जो व्यवहार केला, एकमेकांस जे शिकविले, जे दाखविले आणि जे विचारावयाचे टाळले, त्याकडे टीकाकारांचे लक्ष सहसा जात नाही. वास्तविक हौशी माणसाचे चित्र एकट्याचे नसतेच. ते कोणास दाखवावयाचे आहे हे मनाशी ठरल्यावरच तो कॅमेऱ्यामागे उभा राहतो आणि त्या पाहणाऱ्यांची अभिरुची चित्रात आधीच येऊन बसलेली असते. म्हणून मित्रमंडळीची परीक्षा हा चित्राच्या परीक्षेचाच एक भाग समजावयास हवा.

अशी मंडळी आपल्या देशात फार लवकर जमली. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ सालची. मुंबईची १८५४ सालची. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था १८५६ साली निघाल्या. मुंबईच्या संस्थेने तर १८५५ च्या जानेवारीपासून स्वतःचे नियतकालिकही सुरू केले. त्या काळी देशात ही कला कोणी जोपासली हे पाहू गेल्यास लष्करातले कप्तान, सरकारी डॉक्टर आणि मुलकी खात्यातले नोकर यांचाच भरणा अधिक दिसतो. विजापूरच्या इमारतींची चित्रे घेणारा बिग्ज हा मुंबईच्या तोफखान्यातला अधिकारी. ताजमहालाची मोठमोठी चित्रे काढणारा मरे हा आग्ऱ्याचा सरकारी डॉक्टर. ट्राइप हा मद्रासच्या फौजेतला. सारी बदलीची माणसे! घरापासून दूर, संध्याकाळ कशी घालवावी या विवंचनेत असलेल्या नोकरदाराने कॅमेरा हाती घ्यावा ही परंपरा आपण समजतो त्याहून बरीच जुनी आहे.

एतद्देशीय सभासदही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईच्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर होते. आपल्या वाङ्मयात भाऊ दाजींचे नाव जितके येते त्याच्या दशांशानेही नारायण दाजींचे येत नाही. छायाचित्रण ही विद्या नव्हे, चैन होय, असा एक समज त्यामागे असावा.

या मंडळींच्या देवघेवीची खरी श्रीमंती तंत्रात होती आणि तिची थोरवी कमी लेखता कामा नये. ओल्या कोलोडियनच्या काचेवर चित्र घ्यावयाचे तर काचेवर द्रव ओतणे, ती रौप्यक्षाराच्या द्रावणात बुडविणे, चित्र घेणे आणि ते प्रकट करणे हे सर्व काच ओली असतानाच उरकावे लागे. इंग्लंडच्या दमट, थंड हवेत जी सवड मिळे ती आपल्याकडच्या वैशाखात कोठून मिळणार? काच पाहता पाहता वाळून जाई. म्हणून कित्येकांनी मेण मुरविलेल्या कागदाची पद्धत पत्करली. हा कागद आधीच तयार करून बरोबर नेता येई आणि चित्र उशिरा प्रकट केले तरी चाले. द्रावण किती तीव्र असावे, पाणी कसे गाळावे, तंबूत अंधार कसा करावा, या गोष्टी पुस्तकातून शिकता येण्यासारख्या नव्हत्या. ज्याने काचा वाया घालविल्या होत्या त्यानेच त्या दुसऱ्यास सांगावयाच्या होत्या, आणि अशा संस्थांमधून माणसे त्या सांगत. या उदारपणाचे मूळही मोठे हृद्य आहे. कागदी प्रतिमेचा शोध लावणाऱ्या टॅल्बटने १८४१ साली आपल्या पद्धतीचे एकस्व घेतले आणि हौशी लोकांसाठी ते सैल करावयास १८५२ साल उजाडावे लागले. उलट कोलोडियनची कृती फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ साली सरळ छापून टाकली, एकस्व घेतलेच नाही. १८५७ साली तो वारला तेव्हा मागे काही ठेवून गेला नव्हता. कुटुंबासाठी वर्गणी गोळा करावी लागली. जगभरच्या हौशी मंडळींनी पुढील कित्येक वर्षे जी चित्रे काढली ती या माणसाच्या दानावर काढली.

परंतु चित्र कसे काढावे याविषयी इतकी मोकळी असणारी मंडळी, चित्रात काय आले आहे याविषयी काय बोलत होती? येथे मुंबईच्या संस्थेच्या आश्रयाने निघालेल्या हौशी छायाचित्रकारांच्या अल्बमकडे पाहावयास हवे. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी तो १८५६ ते १८५८ या काळात अंशतः काढला. एकूण चोवीस अंक, प्रत्येकात तीन चित्रे आणि सोबत थोडा मजकूर. मुंबई व आसपासच्या इमारती आणि देखावे त्यात आहेत. आणि माणसे आहेत. इमारतींच्या चित्रांविषयी फारसे बोलण्याचे कारण नाही. ती स्वच्छ आहेत, कोन विचारपूर्वक निवडलेले आहेत आणि आज त्यांतील काही वास्तू बदलून गेल्यामुळे त्यांना दस्तऐवजाची किंमत आली आहे.

माणसांच्या चित्रांपाशी मात्र थांबावे लागते. ही माणसे जातींचे व धंद्यांचे नमुने म्हणून उभी आहेत. पोशाख स्पष्ट, पागोट्याची घडी स्पष्ट, पण खाली नाव नाही. आहे ती जात. पुढे जॉन्सनने मुंबईच्या रहिवाशांवर १८६३ आणि १८६६ साली दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत तर एके ठिकाणी बसवून टिपलेल्या माणसांच्या आकृती कापून दुसऱ्याच देखाव्यापुढे जोडलेल्या आहेत. चंद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे मंडळ असो की नागर ब्राह्मण असोत, त्यांच्या पायाखालची जमीन त्यांची नाही. हे काम हाताच्या सफाईने केले आहे हे कबूल करूनही असे म्हणावेसे वाटते की, या चित्रांतील खोटेपणा जोडकामात नाही. जोडकाम हे केवळ त्याचे उघड झालेले रूप होय. माणूस नमुना आहे असे एकदा ठरले की त्याच्या मागे कोणतीही भिंत चालते.

हा प्रश्न मंडळीत कोणी काढला नसावा असे चित्रेच सांगतात, कारण अंकामागून अंक रीत तीच राहिली. त्यात कोणाचा दुष्टपणा होता असे मी म्हणत नाही. स्नेहाच्या बैठकीला एक अलिखित मर्यादा असते: तुमची काच डागाळली आहे असे मित्रास सांगता येते, तुमची दृष्टी डागाळली आहे असे सांगता येत नाही.

ही मर्यादा किती कठोर असते ते कलकत्त्यास दिसले. राजेंद्रलाल मित्र हे तेथील संस्थेचे सभासद होते आणि कोषाध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. १८५७ च्या एप्रिलमध्ये टाऊन हॉलमध्ये एक सभा भरली. गोऱ्या लोकांसही मुफसलातील फौजदारी न्यायालयांच्या कक्षेत आणावे की नाही, हा वाद तेव्हा पेटला होता. राजेंद्रलालांनी तेथे निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमावर कडक भाषण केले. भाषणात छायाचित्रणाचा संबंध नव्हता. पण संस्थेतील स्नेह तेवढ्याने संपला आणि त्याच वर्षी त्यांना सभासदत्वावरून काढून टाकण्यात आले. हिशेब चोख ठेवणारा, कलेची जाण असणारा माणूस मंडळीस चालत होता. माणसे कोणत्या अवस्थेत राहतात हे बोलणारा चालला नाही.

आजच्या हौशी मंडळींचा आणि याचा संबंध काय, असे कोणी विचारील. आज कोणास कोणी असे काढून टाकीत नाही, हे खरे. परंतु चित्रांवरील अभिप्राय जरा लक्षपूर्वक ऐकावेत. क्षितिज तिरपे आहे, सावली गडद आली, विषय चौकटीच्या मध्यभागी नको होता, भिंग कोणते वापरलेत? आणि मग मनापासून दिलेली शाबासकी. आपल्यापैकी कोणी शिलाँगला असतो, कोणी जैसलमेरला, कोणी बस्तरकडे. तेथील एखाद्या वृद्धेचा चेहरा टिपला जातो, सुरकुत्यांची वाहवा होते, तिचे नाव कोणी विचारीत नाही; टिपणाऱ्यासही ते पुष्कळदा ठाऊक नसते. तीन वर्षांनी बदली होते आणि चित्र पुढच्या गावच्या भिंतीवर जाते. अशा चित्रांपैकी कित्येक तंत्रदृष्ट्या निर्दोष असतात आणि तरी एकासारखे दुसरे दिसते, याचे कारण मला त्या शाबासकीतच दिसते. जेथे दोष फक्त काचेचा काढता येतो तेथे सर्वांच्या काचा स्वच्छ होतात, आणि तेवढेच होते. स्नेह सोडून द्यावा असा याचा अर्थ नव्हे. आर्चरची परंपरा सोडण्यासारखी नाही. चित्र पाहताना मित्राने, ‘ही कोण?’ एवढे जरी विचारले, तरी पुढचे चित्र काढताना हात निराळ्या रीतीने थांबेल.

राजेंद्रलालांच्या बाबतीत तो प्रश्न मित्रांनी विचारला नाही, विरोधकाने विचारला. ओरिसातील प्राचीन वास्तूंवरील त्यांचा ग्रंथ १८७५ आणि १८८० साली दोन खंडांत निघाला. त्यात छायाचित्रांचा उपयोग केलेला आहे आणि तो पुराव्यासारखा केलेला आहे. भारतीयांची दगडी वास्तुकला ग्रीकांच्या संपर्काहून जुनी आहे, हा त्यांचा पक्ष. जेम्स फर्ग्युसन याला तो मुळीच मान्य नव्हता. छायाचित्रांचा मोठा संग्रह जवळ बाळगून वास्तूंचा कालनिर्णय करणारा हा पंडित. त्याने १८८४ साली खास राजेंद्रलालांच्या ग्रंथांना उद्देशून एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यात वास्तूंचे प्रमाण आहे, कुत्सितपणा आहे, आणि नुकत्याच गाजलेल्या इल्बर्ट बिलाचा, म्हणजे गोऱ्या आरोपीस एतद्देशीय न्यायाधीशापुढे उभे करावे की नाही या वादाचा, उल्लेखही आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी टाऊन हॉलमध्ये निघालेलाच तो विषय. फर्ग्युसनचे निष्कर्ष पक्षपाती आहेत. पण राजेंद्रलालांच्या कामाकडे इतका वेळ देऊन, शिल्पाची एकेक रेषा वादात ओढून, त्या काळी दुसऱ्या कोणी पाहिल्याचे मला आढळलेले नाही. पुढच्याच वर्षी, १८८५ साली, राजेंद्रलाल बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे अध्यक्ष झाले. त्या पदावर आलेले ते पहिले भारतीय होत.