ओळ कोणाची, मुद्रा कोणाची

गेल्या दिवाळीत एका अंकात माझी कथा छापून आली. आमच्या पेडगावात अंक येतो तो परभणीच्या बाजारातून, कोणाच्या तरी पिशवीत, चिवड्याच्या पुड्याशेजारी बसून. त्यामुळे त्याला थोडा तेलाचा वास असतो, आणि खरे सांगायचे तर तो मला आवडतो. कथेतली म्हातारी पुण्याला निघालेल्या मुलाला शेवटी म्हणते, "जाय. पर माघारी येऊ नको." या एका वाक्यासाठी मी सारी कथा लिहिली होती. छापले गेले ते असे : "जा. पण लवकर परत ये." कोणी विचारले नाही, कळवले नाही, मी पत्र घातले, त्याला उत्तर नाही. शेजारच्या एका बाईने नातवाकडून कथा वाचून घेतली. त्या माउलीने आपल्या लेकाला खरोखरच तसे सांगितलेले मी ऐकले होते. ती मला म्हणाली, "गुरुजी, तुमालाबी भेव वाटलं का?"

काय सांगणार? खाली नाव माझेच होते.

हा राग मनात घेऊन मी या वर्षी ज्ञानेश्वरी पुन्हा वाचायला घेतली. मी पंडित नव्हे. पण ज्याच्या ओळीला कोणी हात लावला आहे, तो माणूस जुने ग्रंथ निराळ्या डोळ्यांनी वाचतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इसवी सन १२९०ची. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे ती हाताने उतरली जात होती. एखाद्याला शब्द कळला नाही, त्याने कळणारा घातला. एखाद्याला ओवी सुचली, त्याने तीही बसवली. यातल्या कोणीही आपले नाव ठेवले नाही. अखेर शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. नाथांचा मोठेपणा मला दिसतो तो असा की, त्यांनी हे काम झाकून ठेवले नाही. शेवटी त्यांनी शक सांगितला, संवत्सर सांगितले, आपले नाव सांगितले. मूळ ग्रंथ निर्दोषच होता, पाठांतरांनी तो बिघडला, हेही सांगितले. यापुढे कोणी आपली ओवी यात घालील तर ते अमृताने भरलेल्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल, अशी तंबीही दिली. फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकाला ही उपमा समजावून सांगायला नको!

पण नाथांपुढे हात जोडूनच माझी एक तक्रार आहे. त्यांनी शब्द कोठे बदलला, आणि तेथे आधी काय होते, हे लिहून ठेवले नाही. बदलणारा कोण ते कळले; बदल कोणता ते कळले नाही. बीडकडे मिळालेली एक प्रत १९०९ साली वि. का. राजवाड्यांनी छापली आणि ती नाथांच्या आधीची आहे असे प्रतिपादन केले, तेव्हा त्यावर पंडितांत केवढा वाद माजला! नाथांनी समासात चार शब्द टाकले असते तर त्यातला अर्धा वाद मिटला असता. आज घरोघरी पारायणाला असते ती बहुतेक नाथांच्या परंपरेतली ज्ञानेश्वरी. ती गोडच आहे. पण एखाद्या ओवीपाशी डोळे भरून आले, तर ते ज्ञानदेवांच्या शब्दाने की नाथांच्या, हे वाचणाऱ्याला सांगता येत नाही.

पैठणाहून गोदावरी खाली येते ती आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडला. ते जनाबाईचे गाव. अभंगाला नाममुद्रा असते, मग घोटाळा कसला, असे कोणी म्हणेल. मुद्रा शेवटच्या चरणात असते. वरचे चरण उघडेच राहतात. आणि मुद्रा तरी कोण राखतो? एकनाथांच्या काळातल्या विष्णुदास नाम्याचे अभंग नामदेवांच्या गाथेत मिसळले, दोघेही 'नामा'च. जनीचे अभंग त्या गाथेबरोबरच आपल्यापर्यंत आले, तेव्हा तिची अवस्था वेगळी असेल कशी? दळणकांडण करणाऱ्या बाईची बोली एखाद्या सोवळ्या लेखकूने मध्येच नीटनेटकी केली असेल, अशी शंका मला काही ठिकाणी येते. शंका माझी आहे, पुरावा नाही.

याउलट महानुभावांकडे पाहावे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली आणि शिष्यांनी ते आठवणींवरून पुन्हा उभे केले. ज्याच्या पाठात फरक पडला तो फरक त्यांनी पोटात घातला नाही; 'वासना', 'शोधु' असे शब्द घालून वेगळा पाठ शेजारीच मांडला, कित्येकदा सांगणाऱ्याच्या नावासह. चक्रधरांचा शब्द तो, आपल्या सोयीने एकच करून टाकण्याची त्यांना भीती वाटली. १८६९ ते १८७३ या काळात शंकर पांडुरंग पंडित व विष्णुशास्त्री पंडित यांनी तुकोबांची गाथा छापली, तेव्हा त्यांनीही पाठभेद तळाशी दिले. मला ही तळटीप अभंगाइतकीच वाचनीय वाटते. घरातल्यांना हे वेड पटत नाही, ते असो.

एवढे लिहिले आणि मग आमच्या शाळेचे भित्तिपत्रक आठवले. तिथला संपादक मीच. पाऊस न आलेल्या वर्षी एका मुलीने निबंधात लिहिले होते की, आजी आभाळाला शिव्या देते. मी ते "आजी आकाशाकडे पाहून प्रार्थना करते" असे करून भिंतीवर लावले. मुलगी उभी राहून वाचत होती. म्हणाली, "गुरुजी, ही माझी आजी न्हाई."

तेव्हा मी हसलो होतो. या आठवड्यात तो कागद कपाटातून काढला आणि माझ्या ओळीशेजारी लाल शाईने लिहिले : बदल गुरुजींचा. खाली तिची मूळ ओळही उतरवली. मग तिला दाखवला. तिने तो निरखून पाहिला, माझ्याच हातातली लेखणी घेतली आणि शिवी कोणती, तीही भरली.