अमिगाचं चित्र तुम्ही कशातून पाहिलंत?

प्राथमिक साधन म्हणजे काय, हा प्रश्न पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येतो. हस्तलिखित, ताम्रपट, कोर्टाचे कागद ही उत्तरं आपण पाठच करून जातो. आता समजा, तुमचा विषय 1980च्या दशकात घरगुती संगणकावर काढलेली चित्रं असा आहे आणि समोर कमोडोर अमिगाची एक फ्लॉपी आहे. साधन कोणतं? फ्लॉपी, तिच्यावरची फाइल, की पडद्यावर दिसतंय ते चित्र? बरेच जण तिसऱ्यावर बोट ठेवतात, स्क्रीनशॉट काढतात, प्रकरणात चिकटवतात आणि थेट रंगसंगतीवर लिहायला लागतात. माझा आक्षेप तिथेच आहे.

आधी फाइलमध्ये काय असतं ते बघा. अमिगा 1985 साली आला आणि त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने आयएफएफ हा फॉरमॅट ठरवला. त्यातला चित्रांचा प्रकार म्हणजे आयएलबीएम. अशी फाइल तुकड्यांची असते. एका तुकड्यात आकार, एकात रंगांची यादी, सीएएमजी नावाच्या तुकड्यात ‘हे कोणत्या मोडमध्ये दाखवायचं’ ही सूचना, आणि शेवटी पिक्सेलचा मजकूर. थोडक्यात, फाइल म्हणजे पाककृती. पदार्थ करतो तो व्ह्यूअर, म्हणजे चित्र उघडून दाखवणारा प्रोग्रॅम.

हॅम मोडमध्ये हे सगळ्यात ठळकपणे दिसतं. अमिगाकडे 4096 रंग होते, पण नेहमीच्या मोडमध्ये एका चित्रात त्यातले 32च वापरता यायचे. हॅममध्ये सगळे वापरता यायचे, ते एका युक्तीने. प्रत्येक पिक्सेलला सहा बिट. त्यातले दोन सांगतात की यादीतल्या 16 रंगांपैकी एक घ्यायचा, की डावीकडच्या पिक्सेलचा रंग तसाच ठेवून त्यातला फक्त लाल, हिरवा किंवा निळा भाग बदलायचा. उरलेले चार बिट म्हणजे यादीतला क्रमांक किंवा बदललेली किंमत. काळ्यावरून एकदम हव्या त्या रंगावर उडी मारायची आणि तो यादीत नसेल, तर तीन पिक्सेल लागू शकतात. म्हणून हॅम चित्रांत कडेला रंगाची झालर दिसते. तुम्ही त्या झालरीला ‘कलाकाराने मुद्दाम केलेला परिणाम’ म्हणालात, तर परीक्षक तुम्हाला सोडणार नाहीत, आणि बरोबरच आहे ते. उलट, सीएएमजी तुकडा नसेल किंवा व्ह्यूअरने तो वाचलाच नाही, तर सहा बिटांचा अर्थ त्याला अंदाजाने लावावा लागतो. तेच सहा बिट 64 रंगांच्या हाफब्राइट मोडचेही असू शकतात. अंदाज चुकला की चेहऱ्याच्या जागी रंगीत कचरा दिसतो. फाइल मात्र धडधाकट असते.

आता व्ह्यूअरकडे टीकाकाराच्या नजरेने बघू. 1992च्या वर्कबेंच 3.0 बरोबर मल्टिव्ह्यू आला. सोयीचा आहे, डेटाटाइप असला की कुठलाही फॉरमॅट उघडतो. पण वर्कबेंचच्या खिडकीत उघडलेलं चित्र त्याला त्या पडद्याकडे असतील तेवढ्याच रंगांत बसवावं लागतं, आणि साध्या वर्कबेंचला चारच रंग. स्वतंत्र पडद्यावर उघडायची सोय त्यात आहे, ती वापरा. व्ह्यूटेकसारखे प्रोग्रॅम चित्रासाठी वेगळा पडदाच उघडत, म्हणून माझ्या मते अमिगावरच्या चित्रासाठी ते जास्त भरवशाचे. अर्थात कोणावरही पूर्ण विसंबू नका. डीलक्सपेंटमध्ये टॅब दाबली की रंग फिरायला लागायचे आणि धबधबा वाहायचा. त्या फिरण्याची माहितीही फाइलमध्ये असते, पण ती दुर्लक्षणारा व्ह्यूअर तुम्हाला गोठलेला धबधबा दाखवतो. पीएनजी करून घेतलात तर तो कायमचा गोठला.

पिक्सेलच्या आकाराचंही तसंच. अमेरिकी टीव्हीवर 320×200 चित्र 4:3 पडदा भरायचं, म्हणजे पिक्सेल रुंदीच्या 1.2 पट उंच. आजच्या चौकोनी पिक्सेलवर तसंच उघडलं तर चेहरे बसके दिसतात.

एवढ्या बारकाव्याने काय फरक पडतो, असं वाटत असेल तर अँडी वॉरहॉलचं प्रकरण वाचा. अमिगाच्या उद्‌घाटनात, न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये, त्याने डेबी हॅरीचं चित्र सगळ्यांसमोर त्या यंत्रावर रंगवलं होतं. त्याच्या फ्लॉप्या पुढे पिट्सबर्गच्या वॉरहॉल म्युझियममध्ये गेल्या. कलाकार कोरी आर्केंजेल याच्या आग्रहावरून कार्नेगी मेलनच्या कॉम्प्युटर क्लबने त्या वाचल्या आणि 2014 साली 28 चित्रं जाहीर झाली. फॉरमॅट कोणत्याही परिचित प्रोग्रॅमला कळत नव्हता, मुलांना तो उलगडून काढावा लागला. म्हणजे आधी व्ह्यूअर घडवला, मग चित्र दिसलं.

2021 साली त्यातली पाच चित्रं ख्रिस्तीजने एनएफटी म्हणून विकली, एकूण 33 लाख डॉलरच्या वर किंमत आली. विकलेल्या टिफ फाइलींचा आकार होता 6000×4500 पिक्सेल. कार्नेगी मेलनचेच गोलन लेव्हिन यांनी जाहीर आक्षेप घेतला की ही मूळ चित्रं नव्हेत. तुम्ही स्वतः भागाकार करून बघा. 6000 भागिले 320 म्हणजे 18.75, आणि 4500 भागिले 200 म्हणजे 22.5. दोन्हींचं गुणोत्तर 1.2, तेव्हा पिक्सेलचं प्रमाण कुणीतरी जाणीवपूर्वक सांभाळलंय, हे श्रेय द्यायलाच हवं. पण पूर्णांक एकही नाही. वॉरहॉलच्या एका पिक्सेलला कुठे 18 ठिपके मिळणार, कुठे 19, नाहीतर कडा पुसट होणार. मोठं करण्यात गैर काही नाही, भिंतीवर टांगायचं तर करावंच लागतं. वाद आहे तो त्याला ‘मूळ’ म्हणण्याचा.

तुमच्या प्रबंधात आकृतीखाली ‘स्क्रीनशॉट: अमिगा’ एवढंच लिहून भागणार नाही. फाइलचं नाव, मोड, व्ह्यूअर आणि त्याची आवृत्ती, खरं यंत्र की एम्युलेटर, पाल की एनटीएससी, आणि किती पट मोठं केलं, एवढं तरी द्या. आणि मूळ फाइल परिशिष्टासोबत जोडा. गाइडना छापील पान पुरेसं वाटलं तरी जोडा.