पुसण्याआधीच्या ओळी

आपण आज एक छोटा उतारा वाचायला घेऊ. तो कवितेचा नाही, ललित गद्याचाही नाही. पीएचपी भाषेतल्या लाराव्हेल या चौकटीवर फिलामेंट नावाचा एक मुक्तस्रोत साधनसंच उभा आहे. त्यातून रचलेल्या एका व्यवस्थापन-पॅनेलमधल्या या सहा-सात ओळी आहेत. समजा, हे पॅनेल एखाद्या सार्वजनिक वाचनालयाचे आहे. पडद्यावर पुस्तकांची यादी आहे आणि प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला त्या पुस्तकाचे काय काय करता येईल ते मांडले आहे: पाहणे, दुरुस्त करणे, बाद करणे. यांपैकी ‘बाद करा’ हे बटण ज्या ओळींतून जन्म घेते, त्या ओळी आपण रसिकाच्या सावकाशीने न्याहाळू. प्रोग्रामर त्या घाईत टंकतो आणि पुढे जातो. वाचकाला तशी घाई नाही.

पहिल्या ओळीत ‘ॲक्शन’ हा शब्द, मग चार ठिपक्यांची जोडखूण, मग ‘मेक’, आणि कंसात त्या कृतीचे नाव. इथे अजून काहीच घडलेले नाही. पुस्तक कपाटात आहे, नोंद तळघरातल्या डेटाबेसात सुखरूप आहे. तरीही काहीतरी अस्तित्वात आले आहे, आणि ते म्हणजे एक क्रिया, जी आता वस्तूसारखी हातात धरता येते, फिरवून पाहता येते, दुसरीकडे ठेवता येते. क्रियेला असे वस्तुरूप देण्याची कल्पना फिलामेंटची नव्हे. गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांनी 1994 साली आपल्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथात तिला ‘कमांड’ या नावाने जागा दिली. 1998 साली जावा 1.2 सोबत आलेल्या स्विंगमध्ये तर एकच ॲक्शन मेनूलाही जोडावी, टूलबारलाही जोडावी, आणि ती एकदा निष्क्रिय केली की दोन्ही ठिकाणची बटणे एकाच क्षणी फिकट व्हावीत, अशी देखणी सोय होती. वेबवर मात्र बराच काळ बटण एका फाइलीत, त्याचा रंग दुसऱ्या फाइलीत, त्यामागचे काम तिसऱ्या फाइलीत आणि परवानगीची तपासणी कुणाच्या तरी आठवणीत, असा संसार विखुरलेला होता. आपल्या उताऱ्यात तो पुन्हा एका छताखाली आला आहे.

पुढची प्रत्येक ओळ एका बाणाने सुरू होते, म्हणजे एक आडवी रेघ आणि तिला चिकटलेले टोक. या बाणाचे लालित्य सहज डोळ्यांत भरत नाही. प्रत्येक ओळ आपले काम करून तीच कृती पुन्हा पुढच्या ओळीच्या हाती देते, आणि म्हणून लेबल, आयकॉन, रंग, परवानगी, पुष्टी, प्रत्यक्ष कार्य असे सारे एकाच दमात, एखाद्या लांब पण न अडखळणाऱ्या वाक्यासारखे उलगडत जाते. रंग आधी सांगितला काय किंवा लेबल आधी सांगितले काय, अर्थ बदलत नाही. बदलतो तो फक्त सूर. मराठी वाक्याचीही अशीच लवचीकता आपण रोज वापरतो, म्हणून कदाचित ही रचना आपल्या कानाला परकी वाटत नाही.

लेबलची ओळ आपण पटकन ओलांडू. ती लिहिली नाही तर फिलामेंट कृतीच्या नावावरूनच लेबल बनवते, लिहिली तर मराठीत हवे ते लिहिता येते, इतकेच. रंगाच्या ओळीपाशी मात्र थांबायला हवे. तिथे ‘लाल’ असे लिहिलेले नाही; तिथे ‘डेंजर’ असे लिहिले आहे. फिलामेंटच्या मूळ पेटीत अशी सहा नावे आहेत: डेंजर, ग्रे, इन्फो, प्रायमरी, सक्सेस, वॉर्निंग. एक राखाडी सोडला तर यांतले एकही नाव रंगाचे नाही, सारी भूमिकांची आहेत. बटणाने आपण दिसतो कसे ते सांगितलेले नाही, आपण करणार काय आहोत त्याचा भाव तेवढा सांगितला आहे. त्या भावाला कोणता वर्ण द्यायचा हे अन्यत्र, एकाच ठिकाणी ठरते. उद्या त्या वाचनालयाला लालऐवजी गडद किरमिजी रंग पसंत पडला, तर शेकडो बटणे ती एक जागा बदलताच नवा वेष घेतील आणि आपल्या उताऱ्यातले एक अक्षरही हलणार नाही. नाटकाच्या संहितेत ‘राजा’ असे लिहावे आणि अंगरख्याचा रंग वेशभूषाकाराने ठरवावा, तसा हा संयम आहे.

आता येते ती ओळ, जिच्यासाठी हा उतारा निवडला: ‘रिक्वायर्स कन्फर्मेशन’. दोन शब्द, रिकामा कंस, आणि त्याच्या पोटात काहीही नाही. पण एवढ्याने काय काय होते पाहा. बटण दाबताच पडदा मंदावतो, मध्यभागी एक छोटी चौकट उगवते, तीत शीर्षक, खात्री विचारणारे एक वाक्य आणि दोन बटणे: पुढे जा, किंवा परत फिरा. एरवी हे सारे हाताने रचायचे तर जावास्क्रिप्टची बरीच खटपट पडली असती. मात्र माझी एक आवडनिवड इथे नोंदवतो. मूळचे वाक्य ‘तुम्हांला नक्की हे करायचे आहे का?’ अशा अर्थाचे, सर्वांसाठी एकच, आणि म्हणूनच निर्जीव आहे. चार दिवसांत माणसाचे बोट ते न वाचताच होकार देऊ लागते. चांगला लेखक पुढे आणखी एक बाण जोडतो आणि चौकटीच्या शीर्षकात त्या पुस्तकाचे नाव ओवतो. मग प्रश्न ‘हे’ बाद करायचे का असा न राहता, अमुक एक पुस्तक बाद करायचे का असा होतो, आणि नाव वाचताच हात क्षणभर थबकतो. गिटहब तर कोडचे भांडार पुसण्याआधी त्याचे नाव आपल्याकडून अक्षरन् अक्षर टंकून घेते. तिथे थबकणे सक्तीचेच केले आहे.

याच ओळीचा एक बारकावा रसिकाने हेरावा असा आहे. कृतीला कार्य न देता केवळ एखादा पत्ता दिला, म्हणजे बटण दाबल्यावर दुसऱ्या पानावर जायचे एवढेच ठरवले, तर ही पुष्टीची चौकट उगवतच नाही. पानावर जाणे ही वाट झाली, आणि वाटेवर खात्री विचारायला कुणी उभे नाही. ती हवीच असेल तर कार्य लिहून त्याच्या पोटातून त्या पत्त्यावर पाठवावे लागते. जाणे आणि करणे यांतला भेद इतक्या काटेकोरपणे पाळलेला पाहून मला नेहमी बरे वाटते.

मग प्रत्यक्ष कार्याची ओळ. इथे एक निनावी फलन आहे आणि त्याच्या कंसात, डॉलरचे चिन्ह लावून, ‘रेकॉर्ड’ हे नाव. हे रेकॉर्ड आले कुठून? आपण ते कुठून मागवले नाही, कुणी हातात दिले नाही. फक्त नाव उच्चारले आणि फिलामेंटने यादीच्या त्या ओळीतले नेमके पुस्तक आणून ठेवले. वापरकर्त्याने एखाद्या फॉर्ममध्ये भरलेली माहिती हवी असेल तर ‘डेटा’ म्हणावे, ज्या घटकात हे सारे चालले आहे तो हवा असेल तर ‘लाइव्हवायर’ म्हणावे. क्रम कोणताही चालतो, नको ते मागायची गरज नाही. आणि ही ओळ धावते ती सर्व्हरवर. ब्राउझरपर्यंत तिची सावलीही पोहोचत नाही. म्हणूनच परवानगी तपासणारी ‘व्हिजिबल’ची ओळही नुसती डोळ्यांपुरती नसते. ग्रंथपालालाच बाद करण्याचा अधिकार आहे असे तिथे लिहिले, तर इतरांना बटण दिसत नाहीच, शिवाय कुणी आडवाटेने ती कृती हाक मारून बोलावू पाहिली तरी सर्व्हर तिला उठू देत नाही.

इथवर एकटी कृती होती. आता तिला सोबतीणींमध्ये पाहू, कारण खरी रंगत तिथे आहे. ‘ॲक्शन ग्रुप’ असे लिहून कंसात तीन-चार कृती ठेवल्या की यादीतल्या ओळीच्या टोकाशी एकावर एक असे तीन ठिपके उरतात आणि बाकीचे सारे त्यांच्यामागे मिटून जाते. आपल्याकडे पान वाढताना मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी-आमटी उजवीकडे येते. कुठला पदार्थ किती लागतो आणि हात कुठे वळतो, याचा तो पिढ्यांनी केलेला हिशेब असतो. गट रचणाऱ्याकडून हाच हिशेब अपेक्षित आहे. यादीवर काम करणाऱ्या माणसाला दिवसभर दुरुस्ती करायची असेल तर ‘दुरुस्त करा’ ठिपक्यांमागे कोंबणे हा त्याच्यावर अन्यायच. ते बाहेर, उघड्यावर, एका दाबात हवे. आत जावे ते क्वचित लागणारे आणि जपून वापरायचे. हल्ली पुष्कळ पॅनेलांमध्ये सरसकट सगळेच ठिपक्यांत ढकललेले दिसते. पडदा नीटनेटका होतो खरा, पण प्रत्येक साध्या कामाला एक दाब जास्त पडतो.

गटाच्या आत आणखी एक गट ठेवून त्याला ‘ड्रॉपडाउन, फॉल्स’ असे सांगितले, तर तो वेगळा मेनू म्हणून उघडत नाही. त्याऐवजी त्याच मेनूत एक बारीक आडवी रेघ उमटते. वर पाहणे आणि दुरुस्ती, रेघेखाली बाद करणे. एका रेघेने घसरत्या बोटाला केवढा दिलासा! आणि गटातल्या एकाही कृतीचा अधिकार पाहणाऱ्याला नसेल, तर रिकामा मेनू उघडून फजिती होत नाही. ते तीन ठिपकेच मावळतात.

या सगळ्याचा कळस मला एका त्रिकुटात दिसतो. लाराव्हेलमध्ये नोंद खरोखर न पुसता तिच्यावर फक्त पुसल्याची वेळ नोंदवून ठेवण्याची सोय आहे. तिच्या जोडीला फिलामेंट तीन तयार कृती देते: डिलीट, रिस्टोअर आणि फोर्स-डिलीट, म्हणजे बाद करणे, परत आणणे आणि कायमचे नाहीसे करणे. तिन्ही एकाच गटात शेजारी लिहाव्यात. पडद्यावर त्या तिघी एकत्र कधीच येत नाहीत. पुस्तक यादीत नांदते आहे तोवर फक्त पहिली दिसते. ते बाद झाले की ती मागे सरते आणि उरलेल्या दोघी पुढे येतात. कोणती केव्हा दाखवायची याची एकही अट आपण लिहिलेली नसते. प्रत्येक कृतीला आपली वेळ ठाऊक असते. आणि ‘कायमचे’ हा शब्द वापरकर्त्याला दिसण्यासाठी आधी एकदा साधे बाद करणे घडावेच लागते. विनाशाच्या वाटेत एक पायरी जास्त घातली आहे, आणि तीही न सांगता.

अनेक पुस्तके एकदम निवडून त्यांवर चालवायच्या सामूहिक कृतींचा गट वेगळा असतो. तिथे रेकॉर्डचे अनेकवचन होते आणि काम संपल्यावर निवडीच्या खुणा पुसायला सांगावे लागते. ते सांगायला विसरू नये, कारण जुन्या खुणा तशाच राहिल्या तर पुढचा दाब चुकीच्या पुस्तकांवर पडू शकतो.

तेव्हा एखाद्या सहकाऱ्याने लिहिलेली अशी फाइल तपासायला आली, तर कार्याच्या ओळीकडे सर्वांत शेवटी वळा. आधी तिच्या अवतीभवतीच्या ओळी वाचा: रंगाला भूमिका दिली आहे का, चौकटीत पुस्तकाचे नाव आहे का, अधिकार विचारला आहे का, आणि रोज लागणारे बटण ठिपक्यांच्या बाहेर आहे का.